उंबरठ्यावरचा पोलीस

उत्सवांचे दिवस आले की गोव्यात पेडण्याच्या बाजारात नि डिचोलीच्या बसस्टँडवर फलक लागतात. त्यांवर आख्यानाच्या नावाइतक्याच ठसठशीत अक्षरांत एक शब्द असतो : ट्रिकसीनयुक्त. ‘ट्रिकसीनयुक्त महान पौराणिक दशावतारी नाटक.’ म्हणजे आज रात्री देवळासमोर धूर निघणार, राक्षसाचं मुंडकं धडावेगळं होऊनही बोलत राहणार, आणि आख्यान प्रल्हादाचं असलं तर खांब फुटणार. खांब बहुधा प्लायवूडचा नाहीतर थर्माकोलचा. मागून दोरी ओढली की तो मधोमध चिरतो, आत लाल दिवा पेटतो, पखवाजवाला आता कातडं फोडतो की काय असं वाटतं, आणि पुढच्या चटईवर आडवी झालेली पोरं ताडकन उठून बसतात. खांबातून बाहेर येतो तो ना धड माणूस, ना धड सिंह.

जुने रसिक ट्रिकसीनवर नाक मुरडतात. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं ठरतात आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. धुरानं ते बोलणं खाल्लं, ही त्यांची तक्रार. मला ती निम्मीच पटते. दशावतारातल्याच संकासुराचा तो काळा बुरखा, त्यावरचे पांढरे डोळे आणि लोंबणारी लाल जीभ ही तरी दुसरं काय होती? फक्त विजेशिवाय चालणारी ट्रिक.

आमच्या शेजारी एक आजो होते. तरुणपणी दोन-तीन हंगाम दशावतारी कंपनीबरोबर फिरलेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका चवथीत वाड्यावर भाड्यानं व्हीसीआर आणला होता. आरत्या आटोपल्यावर रात्री दोन हिंदी चित्रपट लागले आणि मग कुणाच्या तरी मुंबईकर भाच्यानं आणलेली तिसरी कॅसेट घातली : ‘रोबोकॉप २’. चित्रपट इंग्रजीत, आजोंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी ते उठले नाहीत. पोलादी पोलीस दणदण पावलं टाकत पडद्यावर आला तसे ते पुढे सरकले आणि म्हणाले, “आरे, हो तर नरसिंह!” आम्ही पोरं पोट धरून हसलो. आज हे लिहायला बसल्यावर वाटतं, त्या खोलीत चित्रपट सगळ्यांत चांगला त्यांनाच कळला होता.

चित्रपटाची गोष्ट अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची. मोटारींच्या कारखान्यांवर उभं राहिलेलं हे शहर चित्रपटात पार डबघाईला आलंय. ओसीपी नावाच्या बड्या कंपनीनं पोलीस खातं चालवायला घेतलंय. पॉल व्हर्होवनच्या १९८७ सालच्या पहिल्या ‘रोबोकॉप’मध्ये मर्फी नावाच्या पोलिसाला गुंड गोळ्यांनी चाळण करून मारतात. कंपनी त्याचा मेंदू नि चेहरा तेवढा ठेवते, बाकी शरीर पोलादाचं करते आणि त्याला पुन्हा गस्तीवर धाडते. २२ जून १९९० रोजी आलेल्या दुसऱ्या भागाचा दिग्दर्शक निराळा, आर्विन कर्शनर. त्याचा हा शेवटचा कथापट. यात शहर कंपनीच्या कर्जात बुडालेलं, पगारकपातीमुळे पोलीस संपावर, आणि ‘न्यूक’ नावाच्या नशेनं रस्ते भरलेले. ती विकणाऱ्या टोळीच्या म्होरक्याचं नाव केन, आणि त्याच्या हाताखाली हॉब नावाचं मिसरूडही न फुटलेलं पोरगं. डेट्रॉइटचं दिवाळं हा तेव्हा लेखकांचा कल्पनाविलास होता. पण १८ जुलै २०१३ रोजी खऱ्या डेट्रॉइटनं न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज टाकला. डोक्यावर अंदाजे १८ अब्ज डॉलरचं देणं होतं.

आता आजोंचा नरसिंह. हिरण्यकश्यपूनं वर मागताना मुरलेल्या वकिलासारखी कलमं घातली होती. माणसाच्या हातून मरण नको, जनावराच्या नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्रानं नको, अस्त्रानं नको. देवाला ही कलमं मोडता येत नाहीत, कारण वर दिलेला आहे. म्हणून तो कलमांच्या फटीतून येतो : अर्धा माणूस, अर्धा सिंह, वेळ तिन्हीसांजेची, जागा उंबरठ्याची, आसन मांडीचं, हत्यार नखांचं. कायद्याचं अक्षर न अक्षर पाळून कायदा करणाऱ्याचं पोट फाडायचं, अशी ही गोष्ट आहे.

पहिल्या ‘रोबोकॉप’चा शेवट हुबेहूब असाच आहे. पोलादी मर्फीच्या मेंदूत तीन आज्ञा भरलेल्या असतात : लोकांच्या विश्वासाला जागायचं, निरपराधांना राखायचं, कायदा चालवायचा. चौथी आज्ञा लपवलेली असते. कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यावर हात टाकायचा नाही. टाकायला गेलं की यंत्रच बंद पडतं. खरा गुन्हेगार नेमका कंपनीचाच बडा अधिकारी निघतो. समोर उभा आहे, पुरावा आहे, आणि पोलिसाचा हात उचलत नाही! शेवटी तो खुद्द कंपनीच्या म्हाताऱ्या मालकाच्याच कानशिलाला पिस्तूल लावतो, तेव्हा मालक त्याला तिथल्या तिथे नोकरीवरून काढून टाकतो. झालं. आता तो अधिकारी राहिला नाही. फट सापडली, उंबरठा मिळाला. पेडण्याच्या प्रेक्षकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यानं खांब फुटताना पाहिलेला असतो.

दुसऱ्या भागावर समीक्षक तुटून पडले होते. चित्रपट विस्कळीत आहे, रक्तपात आवरत नाही आणि नशा विकणारं अल्पवयीन पोरगं दाखवण्यात हिशेबीपणा आहे, हे मलाही मान्य आहे. पण यातला मधला अर्धा तास मला पहिल्या भागाहून अधिक आवडतो. केनची टोळी मर्फीचे तुकडे तुकडे करून पोलीस ठाण्यासमोर फेकते. कंपनी त्याला जोडून तर घेते, पण जोडता जोडता लोकांच्या तक्रारीही विचारात घेते : हा पोलीस फार हिंसक आहे, मुलांशी नीट वागत नाही, पर्यावरणाबद्दल अवाक्षर काढत नाही. समिती बसते. जूलिएट फॅक्स नावाची मानसशास्त्रज्ञ बाई त्याच्या डोक्यात नव्या आज्ञा भरते. तीन-चार नव्हे, शेकडो. मग तो पोलीस मेलेल्या चोराला त्याचे कायदेशीर हक्क वाचून दाखवतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या आजूबाजूला गोळ्या झाडतो आणि धूम्रपान न केल्याबद्दल सभ्यपणे आभार मानतो. नासधूस करणाऱ्या पोरांना उपदेशाचे डोस पाजतो. त्या आज्ञांच्या यादीत एक अशीही घुसडलेली आहे की ओरायन कंपनीच्या बैठका टाळाव्यात. ओरायन म्हणजे हा चित्रपट काढणारी कंपनीच! सरकारी परिपत्रकांखाली दबलेला कुठलाही तलाठी किंवा शाळामास्तर हा भाग पाहून खुर्चीतून पडेल.

मर्फी यातून सुटतो तो विजेच्या डब्याला हात लावून. प्रचंड झटका बसतो आणि नव्या-जुन्या सगळ्या आज्ञा पुसल्या जातात, लपवलेली चौथीसुद्धा. नंतर तो जे करतो ते कुणीही सांगितलेलं नसतं.

तोवर फॅक्सबाईंनी दुसऱ्या यंत्रपोलिसाचा घाट घातलेला असतो. आधीच्या प्रयोगात मेलेल्या पोलिसांचे मेंदू घातले होते. ते जागे झाले, स्वतःचं शरीर पाहिलं आणि त्यांनी स्वतःला संपवलं. मर्फी तगला कारण त्याला कर्तव्याची चाड होती, हे बाईंना स्वतःलाच उमगतं. तरी त्यांचं म्हणणं, असं शरीर सत्तेसाठी हपापलेल्या गुन्हेगाराला आवडेल. म्हणून त्या केनचाच मेंदू घालतात आणि न्यूकची मात्रा हातात ठेवून त्याला कह्यात ठेवू पाहतात. वर देणाऱ्यानं पाळलेला राक्षस कुणाच्या डोक्यावर हात ठेवायला धावतो, हे भस्मासुराचं आख्यान ऐकलेल्याला सांगायला नको.

घडवलेल्याला आवरणं म्हणजे काय, ते आमच्याकडेही दिसतं. साखळीजवळच्या विठ्ठलापूरला, म्हणजे डिचोली तालुक्यातच, चैत्री उत्सवात वीरभद्र निघतो. दक्षाचा यज्ञ मोडायला शंकरानं आपल्या जटेतून उभा केला तो हा वीरभद्र. एका कामासाठी घडवलेला, संतापानं भरलेला, ज्यानं घडवलं त्याचंच ऐकणारा. दोन्ही हातांत तलवारी, ढोल-ताशांचा गजर, आणि अंगात आवेश आला की त्याला आवरायला मागे माणसं. पाहणारा समोरून तलवारी पाहतो. मी अलीकडे मागच्या माणसांकडे पाहतो. त्यांचे पाय कसे रोवलेले असतात, हात कसा कमरेला घट्ट असतो, तो पुढे झेपावला की ते किती सुटं सोडतात आणि नेमकं कुठे ओढून धरतात. त्यांच्यावर कुणी कधी कॅमेरा रोखत नाही.

आता थोडं ट्रिकसीनबद्दल, कारण ‘रोबोकॉप २’ हा त्या कलेच्या एका जुन्या शाखेचा जवळजवळ शेवटचा मोठा उत्सव आहे. केनचं ते अवाढव्य यंत्र खरं तर लहानशी बाहुली होती. फिल टिपेट आणि त्याच्या माणसांनी ती केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा एक चित्र. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी २४ चित्रं लागतात. तीन वर्षांनी ‘जुरासिक पार्क’ आला आणि हे काम संगणकाकडे गेलं. गंमत म्हणजे ‘रोबोकॉप २’मध्ये ती चाहूल आधीच आहे : बाहुलीच्या डोक्यातून जो पडदा बाहेर येतो, त्यावरचा केनचा चेहरा संगणकानं घडवलेला आहे. जाणारी आणि येणारी कला एकाच धडावर.

रोबोकॉपची चाल मात्र ना बाहुलीची ना संगणकाची. ती नटाची. पीटर वेलरनं मोनी याकिम या मूकाभिनयाच्या शिक्षकाकडे महिनोन् महिने ती बसवली होती. रॉब बॉटिननं बनवलेला चिलखती पोशाख मात्र चित्रीकरण सुरू झाल्यावर हातात आला. पहिल्या दिवशी तो अंगावर चढवायलाच दहा-अकरा तास गेले आणि चढवल्यावर कळलं, बसवलेली एकही हालचाल यात जमत नाही. काम थांबवून दोघांनी चाल नव्यानं बांधली : संथ, आधी मान वळणार, मग धड. दुसऱ्या भागात पोशाख फायबरग्लासचा, थोडा हलका, निळसर झाक असलेला केला. दशावतारी नटाला यात नवल वाटणार नाही. मुकुट, भुजा, गळ्यातलं, कमरेचं, सगळं चढलं की मान वळवायची तर खांद्यासकट वळावं लागतं, आणि राजाची ऐट त्यातूनच येते.

कथेतही असाच पोशाख लेखकाला आवळत होता. मूळ पटकथा फ्रँक मिलर या चित्रकथाकाराची. ती पडद्यावर आणणं अशक्य ठरवून निर्मात्यांनी इतकी कापली-जोडली की पुढे २००३ पासून ती वेगळी चित्रकथा म्हणून छापावी लागली. छापणाऱ्या प्रकाशनाचं नाव, खोटं वाटेल, पण अवतार प्रेस.

माणूस आणि यंत्र यांच्या या जोडाला ‘सायबोर्ग’ हे नाव १९६० साली मॅन्फ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी दिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर पोलीस नव्हता, अंतराळवीर होता. दुसऱ्या ग्रहावर माणसाला जगवायचं तर तिथे पृथ्वीसारखं वातावरण न्यायचं, की माणसाच्या शरीरातच बदल करायचा? त्यांनी दुसरी वाट सुचवली. त्याआधीच, ऑक्टोबर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या छातीत जगातला पहिला आत बसवायचा पेसमेकर घातला गेला होता. तो काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांना एकामागून एक सव्वीस पेसमेकर लागले, आणि ज्यांनी तो बनवला ते अभियंता रूने एल्मक्विस्ट आणि ज्यांनी बसवला ते शल्यविशारद ऑके सेनिंग, या दोघांनंतरही ते जगले. २००१ साली, वयाच्या ८६व्या वर्षी वारले.

असे सायबोर्ग आज आपल्या घरात आहेत. आमचे एक काका मोपाच्या विमानतळावर सुरक्षातपासणीला उभे राहिले की खिशातून पेसमेकरचं कार्ड काढून आधी पुढे करतात. जवान ते वाचतो, मान डोलावतो आणि बाजूला घेऊन हातांनी तपासतो. काकांना त्यात कोण अभिमान! “हांगा मशीन आसा,” असं म्हणत ते छातीवर टिचकी मारतात. मशीन आहे खरं, पण त्याच्या आज्ञा कोण लिहितो? २०१७ साली अमेरिकेत सुमारे चार लाख पासष्ट हजार पेसमेकरांची प्रणाली सुधारून घ्यावी लागली, कारण त्यांत बाहेरून कुणी शिरण्याची फट सापडली होती. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या डॉक्टरांनी तर त्यांच्या हृदयातल्या यंत्राची बिनतारी सोय त्याच्या दहा वर्षं आधीच बंद करून टाकली होती, घातपाताच्या भीतीनं. आणि सेकंड साइट या कंपनीची गोष्ट याहून वाईट. तिनं अंध माणसांच्या डोळ्यांत दृष्टिपटलावर यंत्र बसवून थोडी दृष्टी दिली. मग कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि तिनं या यंत्रांची देखभाल सोडून दिली. साडेतीनशेहून अधिक माणसांच्या डोळ्यांत ज्याला वाली नाही असं यंत्र राहिलं.

‘रोबोकॉप २’मध्ये कंपनीच्या ताब्यातल्या शरीराची हीच गोष्ट एका प्रसंगात आहे, आणि तिथे एकही गोळी सुटत नाही. मर्फीची बायको त्याला भेटायला येते. कंपनीच्या वकिलांनी आधीच त्याला दटावलेलं असतं. तो बायकोला चेहऱ्याला हात लावायला सांगतो. गालाचा स्पर्श थंड लागतो. तुझा नवरा गेला, हा चेहरा त्याच्या आठवणीसाठी बनवलाय, असं तो तिला सांगतो. खोटं सांगतो.

खऱ्या यंत्रपोलिसांची वरात अजून तरी विनोदाच्या अंगानं चाललीय. फेब्रुवारी २०१९ मध्ये केरळ पोलिसांनी तिरुवनंतपुरमच्या मुख्यालयात केपी-बॉट नावाचा यंत्रमानव बसवला. त्याला उपनिरीक्षकाचा हुद्दा दिला आणि त्यानं मुख्यमंत्र्यांना सॅल्यूटही ठोकला. वॉशिंग्टनमध्ये गस्त घालणारा के-फाइव्ह नावाचा यंत्ररखवालदार पायऱ्यांवरून थेट कारंज्याच्या हौदात जाऊन पडला. तारीख १७ जुलै २०१७. पहिला ‘रोबोकॉप’ अमेरिकेत लागला त्याला बरोबर तीस वर्षं पुरी झाली तो दिवस. पण जुलै २०१६ मध्ये डॅलस शहरात जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पाच पोलिसांना ठार करून दबा धरलेल्या बंदूकधाऱ्याकडे पोलिसांनी बॉम्ब निकामी करणारं चाकांचं यंत्र स्फोटकं बांधून पाठवलं आणि तो स्फोट घडवून त्याला मारलं. यंत्र दुरून चालवणारा माणूस पोलीसच होता, हुकूमही पोलीसप्रमुखांचा होता. डॅलस म्हणजे तेच शहर, जिथे पहिल्या ‘रोबोकॉप’चं चित्रीकरण झालं, तिथली नगरपालिकेची इमारत चित्रपटात ओसीपीचं मुख्यालय होती.

आमच्याकडे पोलादी पोलीस नाही. आमच्याकडे तालांव आहे. दंडाच्या पावतीला गोव्यात तालांव म्हणतात, पोर्तुगीज गेले तरी त्यांच्या पावतीपुस्तकातला हा शब्द राहिला. डिचोली-साखळी रस्त्यावर वळणाआड पोलीस उभा असला की समोरून येणारा अनोळखी माणूस दिवा उघडमीट करून इशारा देतो, आणि मागे बसलेली बायको मांडीवरचं हेल्मेट डोक्यावर चढवते. पकडलंच तर बोलणं होतं. घर कुठलं, कुणाचा कोण, पोर तापानं फणफणलंय, औषध आणायला निघालोय. कधी पोलीस सोडतो, कधी तालांव फाडतो, कधी तिसराच मार्ग निघतो.

जून २०२३ मध्ये पणजीजवळ मेरशीच्या जंक्शनवर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सिग्नल बसला. हेल्मेट नाही, पट्टा नाही, तिघे बसलेत, तांबडा दिवा तोडला, हे सगळं तो स्वतः टिपतो आणि तालांव मोबाईलवर येऊन पडतो. हा पोलीस चहापाणी मागत नाही. कुणाचा भाचा, कुणाचा कार्यकर्ता, विचारत नाही. त्या मानानं तो मर्फीहूनही निर्लेप. पण पोर खरंच तापलंय का, हेही तो विचारत नाही. २०१० साली गोव्यात अमली पदार्थविरोधी पथकातल्याच पोलिसांना अटक झाली आणि पुढे ते प्रकरण सीबीआयकडे गेलं, तेव्हा माणसाच्या डोळ्यापेक्षा कॅमेरा बरा, असं नाक्यानाक्यावर बोललं जात होतं. मीही बोललो होतो. आता माझ्या मोबाईलवर पहिला तालांव आला तेव्हा मात्र तासभर शोधत होतो की हरकत घ्यायची तर कुणापुढे. दंड बरोबरच होता. पट्टा लावला नव्हता. तरी कुणाशी तरी बोलायचं होतं.

चित्रपटाच्या शेवटी केनचं यंत्र मोडतं. कंपनीचा म्हातारा सगळं खापर फॅक्सबाईंवर फुटेल अशी सोय लावून गाडीत बसून निघून जातो. मर्फीची जोडीदार लुइस चिडते, हे लोक पुन्हा सुटले म्हणून. मर्फी शिरस्त्राणाचा ढिला झालेला स्क्रू पिळून घट्ट करतो आणि तिला सबुरीनं घ्यायला सांगतो. आपण माणसंच आहोत, म्हणतो.

पेडण्यात याच सुमाराला, म्हणजे पहाटे, दहीहंडी फुटून कालो संपलेला असतो. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, अशी दशावतारी नटांची म्हण आहे. बोजा आता डोक्यावर नसतो, व्हॅन असते. नट खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग काढतात, मुकुट पेटीत जातो, प्लायवूडचा खांब उभा-आडवा करून कसाबसा आत बसवतात. नरसिंहाची आयाळ घामानं नि दवानं ओली असते, म्हणून ती तेवढी टपावर दोरीला बांधलेली असते. व्हॅन हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर थांबते तेव्हा पोलीस आत बॅटरी मारतो, टपावर मारतो, आणि विचारतो, काल आख्यान कुठलं होतं.